जुन्या रेसिंग गाड्या आणि त्यांचे चालक: मराठवाड्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छत्रपती संभाजीनगरपासून नांदेड-लातूरपर्यंत जुन्या गाड्यांचे वेड असणारे कमी नाहीत. कोणाच्या वाड्यात आजोबांची फियाट ११०० ताडपत्रीखाली उभी असते, कोणाच्या शेतावर विलीज जीप. त्यांचे निम्मे प्रश्न इतिहासाचे असतात आणि निम्मे पान्या-स्क्रूड्रायव्हरचे. इथे ते मुद्दाम वेगळे काढलेले नाहीत. जुन्या शर्यती कोणी जिंकल्या हे टायर, इंधन आणि ब्रेक यांचा हिशेब मांडल्याशिवाय कळत नाही.

व्हिंटेज म्हणायची तरी कोणती गाडी?

जगभरातल्या क्लबांच्या वर्गवारीत १९१९ ते १९३० मधल्या गाड्या व्हिंटेज धरतात. १९०४ पर्यंतच्या आणि १९०५ ते १९१८ च्या गाड्यांचे वर्ग वेगळे, आणि १९३१ नंतरच्या गाड्या पुढच्या वर्गात जातात. आपल्याकडचा कायदा मात्र वेगळा आहे. पहिल्या नोंदणीला ५० वर्षे झाली आणि चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार नसला, की ती व्हिंटेज. त्यामुळे १९७४ ची फियाट आपल्या आरटीओकडे व्हिंटेज ठरू शकते, पण इंग्लंडच्या क्लबात तिला कोणी तसे म्हणणार नाही. वाद घालायच्या आधी समोरचा कोणते माप वापरतोय ते विचारून घ्यावे.

गाड्यांची पहिली शर्यत कधी झाली?

१८९४ ची पॅरिस ते रुआँ ही एका वर्तमानपत्राने भरवलेली चाचणी होती, वेगाची शर्यत नव्हे. सर्वांत आधी पोहोचले काउंट द दियाँ, पण त्यांची गाडी वाफेची असल्याने पहिले बक्षीस पेट्रोलवर चालणाऱ्या पूजो आणि पानार्ड गाड्यांना वाटून दिले. खरी शर्यत १८९५ ची, पॅरिस-बोर्दो-पॅरिस, सुमारे ११७८ किलोमीटर. एमिल लव्हासोर यांनी ती पानार्डवर ४८ तास ४८ मिनिटांत पूर्ण केली. सरासरी वेग ताशी जेमतेम २४ किलोमीटर! तरीही त्यांना पहिले बक्षीस मिळाले नाही, कारण ते चार आसनी गाडीसाठी होते आणि त्यांची गाडी दोन आसनी होती.

गावोगावच्या उघड्या रस्त्यांवरून धावायचा हा प्रकार १९०३ च्या पॅरिस-माद्रिद शर्यतीत संपल्यात जमा झाला. धुळीत काही दिसेना, प्रेक्षक रस्त्यात, त्यातून अपघात. मार्सेल रेनो याच शर्यतीत गेले. सरकारने बोर्दोलाच शर्यत थांबवली. पुढे बंद केलेल्या ठरावीक मार्गांवर शर्यती घेण्याकडे कल वाढला, आणि इंग्लंडमध्ये १९०७ साली ब्रुकलँड्सचा उतरत्या कडांचा काँक्रीटचा ट्रॅक खुला झाला.

पहिली ग्रां प्री कोणी जिंकली, आणि कशामुळे?

ग्रां प्री म्हणजे देशोदेशीच्या गाड्यांची मोठी मानाची शर्यत. जून १९०६, फ्रान्समधले ल माँ. १०३ किलोमीटरच्या फेऱ्या, दोन दिवसांत १२ फेऱ्या, म्हणजे १२३८ किलोमीटर. हंगेरीत जन्मलेले फेरेन्क सिस रेनोच्या १३ लिटर इंजिनाच्या गाडीवर पहिले आले, सरासरी सुमारे १०१ किलोमीटर ताशी वेगाने.

कारण विचाराल तर टायर. उन्हाने डांबर वितळत होते, वर उडणाऱ्या खड्यांनी टायर फाटत होते. नियम असा की दुरुस्ती फक्त चालक आणि त्याच्या शेजारी बसलेल्या मेकॅनिकनेच करायची. नेहमीच्या चाकावरचा टायर कापून काढायचा, नवा चढवायचा, हवा भरायची, यात १५ मिनिटे जात. सिस यांच्या मागच्या चाकांना मिशेलिनच्या सुट्या होणाऱ्या रिम होत्या. आठ नट काढले, हवा भरलेल्या टायरसकट नवी रिम बसवली, चार मिनिटांच्या आत काम उरकले. ३२ गाड्या सुटल्या होत्या, ११ पोहोचल्या. पुढच्या पन्नास वर्षांतल्या अर्ध्या निकालांचे गुपित इथेच आहे.

शेजारी मेकॅनिक कशाला बसवायचे?

तो पाहुणा नसायचा. टाकीत हाताने हवेचा दाब ठेवणे, तेलाचा पंप मारणे, मागून कोण येतेय ते सांगणे आणि मागच्या टायरचे कापडी थर दिसू लागले का ते बघणे, ही सगळी त्याची कामे. १९११ च्या पहिल्या इंडियानापोलिस ५०० मध्ये रे हॅरून यांनी मारमन गाडीत मेकॅनिक न बसवता आरसा लावला आणि शर्यत जिंकली. युरोपच्या ग्रां प्रीमध्ये १९२५ पासून मेकॅनिक गाडीत बसणे बंद झाले, कारण अपघातात ती माणसे चालकापेक्षाही जास्त उघडी पडत. तरी दुसरे आसन काही वर्षे तसेच ठेवावे लागे. म्हणूनच त्या काळच्या अनेक गाड्या दोन आसनी दिसतात, पण फोटोत माणूस एकच.

बुगाटी टाइप ३५ चे एवढे कौतुक का?

१९२४ साली लियोंच्या ग्रां प्रीत ती पहिल्यांदा उतरली, आणि तिथे तिचे टायर निघून आले. पहिला दिवस फजितीचाच. पण रचना पाहा: दोन लिटरचे आठ सिलिंडरचे इंजिन, क्रँकला रोलर बेअरिंग, पुढचा ॲक्सल पोकळ आणि त्यातून आरपार गेलेल्या पाट्याच्या स्प्रिंगा, आणि ॲल्युमिनियमची ओतीव चाके. या चाकातच ब्रेकचा ड्रम. चाक काढले की ब्रेकचे लायनर समोर, शिवाय उष्णता रुंद आऱ्यांतून बाहेर पडते. १९२५ ते १९२९ सलग पाच वेळा सिसिलीतली टार्गा फ्लोरिओ बुगाटीने जिंकली. हौशी माणसाला विकत घेऊन रविवारी शर्यतीत उतरवता येईल अशी ही गाडी होती, हेही तिच्या नावाचे मोठे कारण.

आज बाजारात टाइप ३५ च्या हुबेहूब नव्या प्रती मिळतात. अर्जेंटिनात तर त्या पूर्ण बनवल्या जातात. गाडी म्हणून त्यात वावगे काही नाही. मूळ म्हणून पैसे मागितले की मात्र चासीचा क्रमांक, इंजिनाचा क्रमांक, मागच्या ॲक्सलचा क्रमांक आणि कारखान्याच्या नोंदी चारही जुळवून घ्या. रंग आणि चामडे पाहून ठरवू नका, ती सर्वांत सोपी गोष्ट आहे.

तारेच्या चाकांचे मधले नट उलटे का फिरतात?

रज-व्हिटवर्थ पद्धतीच्या चाकात आऱ्यांचा हब दातेरी धुरीवर सरकतो आणि मधे एकच मोठे पंखांचे नट. डाव्या बाजूला सरळ आटे, उजव्या बाजूला उलटे. लक्षात ठेवायला सोपे: नट सैल करताना गाडी पुढे जाताना चाक ज्या दिशेने फिरते त्या दिशेने ठोकायचे. गाडी चालताना ते आपोआप आवळत राहावे म्हणून ही योजना.

नेहमीची चूक ओव्हरहॉलमध्ये होते. दोन्ही बाजूंचे हब काढून धुतले आणि बसवताना डावे-उजवे बदलले, की दहा-वीस किलोमीटरमध्ये नट सैल होऊन चाक सुटते. हब काढायच्या आधीच त्यावर डा-उ अशी खूण पंचाने मारा. ठोकायला तांब्याचा किंवा शिशाचा हातोडा वापरा, लोखंडी नको. दाते आणि शंकूच्या भागाला पातळ ग्रीस, आणि पाच किलोमीटर चालवल्यावर पुन्हा एकदा ठोकून पाहा. दाते झिजले असतील तर ब्रेक मारताना खट् असा आवाज येतो. तो ऐकू आला की गाडी तिथेच थांबवायची.

जर्मन गाड्यांचा रंग खरवडला म्हणून त्या चंदेरी झाल्या, हे खरे का?

देशांचे रंग ठरलेले होते: इटली लाल, फ्रान्स निळा, इंग्लंड हिरवा, बेल्जियम पिवळा, जर्मनी पांढरा. गोष्ट अशी सांगतात की १९३४ साली ७५० किलोच्या मर्यादेत मर्सिडीज एक किलोने जास्त भरली, म्हणून रात्रीत पांढरा रंग खरवडून काढला. ऐकायला छान आहे. पण ज्या आयफेल शर्यतीचा दाखला देतात तिथे ती वजनाची मर्यादा लागूच नव्हती, आणि १९३२ सालीच बर्लिनच्या आव्हुस ट्रॅकवर जर्मन चालक फॉन ब्राउखिच चंदेरी मर्सिडीज घेऊन उतरले होते. गोष्ट गोष्ट म्हणून सांगायला हरकत नाही.

शेंद्र्यात जुळणाऱ्या ऑडीचा शर्यतींशी काही संबंध?

थेट आहे. ऑडी, डीकेडब्ल्यू, हॉर्च आणि वाँडरर या चार कंपन्या १९३२ साली एकत्र येऊन ऑटो युनियन झाली. ऑडीच्या चिन्हातल्या चार कड्या त्याच. तिच्या त्स्विकाउच्या कारखान्यात फर्डिनांड पोर्शे यांच्या आराखड्यावरून चालकाच्या पाठीमागे १६ सिलिंडरचे इंजिन असलेली रेसिंग गाडी बनली. १९३६ च्या टाइप सी मध्ये सहा लिटर, सुमारे ५२० अश्वशक्ती, टायर अरुंद आणि मागचा भाग कधी सटकेल याचा नेम नाही. बेर्न्ड रोझमायर मोटारसायकलवरून थेट या गाडीत आले, त्यामुळे त्यांना दुसऱ्या गाड्यांची सवय मोडावी लागली नाही. २८ जानेवारी १९३८ रोजी फ्रँकफुर्ट-डार्मस्टाटच्या महामार्गावर वेगाचा विक्रम करताना त्यांचा मृत्यू झाला. त्याच सकाळी रुडोल्फ काराच्चिओला यांनी मर्सिडीजवर ताशी ४३२.७ किलोमीटर गाठले होते.

सर्वांत थोर चालक कोण?

याचे उत्तर भांडणाशिवाय मिळत नाही. दोन शर्यती समोर ठेवतो, तुम्ही ठरवा. दोन्ही जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंगच्या, सुमारे २२.८ किलोमीटरच्या फेरीच्या.

२८ जुलै १९३५. ताझिओ नुव्होलारी यांच्याकडे जुनी झालेली अल्फा रोमिओ पी३. मर्सिडीज आणि ऑटो युनियनच्या मानाने ताकद कितीतरी कमी. मधल्या थांब्यावर इंधनाचा पंप बिघडला, कॅनने ओतावे लागले, दोन मिनिटांहून जास्त गेली. नुव्होलारी सहाव्या क्रमांकावर घसरले आणि तिथून एकेकाला गाठत दुसरे आले. पुढे फॉन ब्राउखिच, ज्यांनी टायर बदलायला पुन्हा थांबायचे टाळले होते. शेवटच्या फेरीत त्यांचा मागचा टायर फुटला. जर्मनांच्या घरच्या मैदानावर इटालियन जिंकला. याला नशीब म्हणणाऱ्यांनी एवढेच बघावे की टायर नुव्होलारींनी दिलेल्या दाबाने संपला.

४ ऑगस्ट १९५७. हुआन मानुएल फान्जिओ, वय ४६, मासेराटी २५० एफ. त्यांनी मुद्दाम अर्धी टाकी आणि मऊ टायर घेऊन सुरुवात केली. बाराव्या फेरीला थांबायचे ठरवले होते. फेरारीचे हॉथॉर्न आणि कॉलिन्स पूर्ण टाकीवर, न थांबता जाणार. फान्जिओंनी साधारण अर्ध्या मिनिटाची आघाडी घेतली, पण थांबा लांबला आणि बाहेर पडले तेव्हा ते पाऊण मिनिट मागे होते. मग फेरीमागून फेरी विक्रम मोडत एकविसाव्या फेरीला दोघांना ओलांडले आणि ३.६ सेकंदांनी जिंकले. त्यांचे हे पाचवे विश्वविजेतेपद: १९५१, ५४, ५५, ५६, ५७. चार वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्यांवर.

आमचा कौल फान्जिओंना, कारण ते जिंकताना गाडीही शाबूत आणत.

बायका शर्यतीत नव्हत्याच का?

होत्या. चेकोस्लोव्हाकियाच्या एलिश्का युन्कोव्हा १९२८ च्या टार्गा फ्लोरिओत बुगाटीवर पाचव्या आल्या. १०८ किलोमीटरची डोंगरातली फेरी, पाच वेळा. त्यांनी आधी तो मार्ग पायी पाहून वळणांच्या खुणा टिपल्या होत्या. पुढे रॅलीत जी वळणांची टिपणे रूढ झाली त्याची ही मुळे. त्याच वर्षी त्यांच्या पतीचा न्युर्बुर्गरिंगला अपघाती मृत्यू झाला आणि त्यांनी शर्यती सोडल्या. १९५५ च्या मिल्ये मिल्या या इटलीतल्या रस्त्यांवरच्या शर्यतीत स्टर्लिंग मॉस यांच्या शेजारी डेनिस जेन्किन्सन अशीच टिपणे सुमारे पाच मीटर लांब कागदाच्या गुंडाळीवर घेऊन बसले होते. १६०० किलोमीटर, १० तास ७ मिनिटे ४८ सेकंद. फॉर्म्युला वनमध्ये पहिली महिला १९५८ साली: मारिया तेरेसा दे फिलिप्पिस.

त्या गाड्या पेट्रोलवरच चालायच्या का?

सुपरचार्जरच्या, म्हणजे इंजिनात दाबाने हवा भरणाऱ्या गाड्या नाही. १९३० च्या दशकाअखेरच्या मर्सिडीजमध्ये मुख्यतः मेथॅनॉल, त्यात ॲसिटोन आणि नायट्रोबेंझीन असे मिश्रण असे. मेथॅनॉल वाफ होताना पुष्कळ उष्णता ओढून घेते, म्हणून जास्त दाब देऊनही पिस्टन वितळत नाही. पण ते पेट्रोलच्या दुपटीहून जास्त लागते. १९५१ च्या अल्फा १५९ ला दीड लिटरच्या इंजिनातून सुमारे ४२५ अश्वशक्ती मिळत होती, आणि १०० किलोमीटरला दीडशे लिटरहून जास्त इंधन लागत होते. टाकी भरायला वारंवार थांबा. १४ जुलै १९५१ ला सिल्व्हरस्टोनला गोन्सालेस यांनी साडेचार लिटरची, सुपरचार्जर नसलेली फेरारी घेऊन अल्फाला हरवले. ती फेरारीची विश्वविजेतेपदाच्या मालिकेतली पहिली जीत. ताकद अल्फाकडेच होती, पण ती खादाड होती.

आता पंपावर ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. जुन्या गाडीचे काय होते?

हा प्रश्न सध्या सर्वांत जास्त येतो. चार गोष्टी बिघडतात.

एक, मिश्रण पातळ होते. शुद्ध पेट्रोलला एका भागास १४.७ भाग हवा लागते, ई-२० ला साधारण १३.५. म्हणजे इंधन आठ टक्के जास्त हवे. कार्बोरेटरच्या मुख्य जेटचा व्यास सुमारे चार टक्के मोठा हवा, १.२० मिलिमीटरचा असेल तर १.२५ चा लावून पाहा आणि प्लगचा रंग तपासा. पांढरट म्हणजे अजून पातळ, फिकट तपकिरी म्हणजे बरोबर. रिमरने जेट भोकसू नका, नवा घ्या.

दोन, जुने रबरी पाइप, पंपाचा पडदा आणि कार्बोरेटरमधला लाखेचा थर दिलेला बुचाचा फ्लोट इथेनॉलने फुगतात किंवा सुटतात. फ्लोट पितळी करा, पाइप इथेनॉल चालणारे घ्या.

तीन, इथेनॉल पाणी ओढते. जून ते सप्टेंबर गाडी उभी राहिली, टाकी अर्धी असली, की तळाला पाणी-इथेनॉलचा थर बसतो आणि पत्रा आतून गंजतो. पावसाळ्यापूर्वी टाकी आणि कार्बोरेटरची वाटी पूर्ण रिकामी करा.

चार, जुनी घाण सुटून जेट तुंबते. पहिल्या दोन-तीन टाक्यांत फिल्टर हाताशी ठेवा.

ऑक्टेनची काळजी मात्र व्हिंटेजवाल्यांनी करू नये. १९२० च्या दशकातल्या पाच-सहा पट दाबाच्या इंजिनाला आजचे साधे पेट्रोलही गरजेपेक्षा चांगले आहे.

शर्यतीच्या इंजिनात एरंडेल घालत. आपल्याकडे दुकानात मिळते ते चालेल का?

नाही. एरंडेलाचा थर तापलेल्या बेअरिंगवर टिकतो आणि ते पेट्रोलमध्ये सहज विरघळत नाही, म्हणून ते वापरत. पण तेच तेल तापून हवेला लागले की चिकट लाखेसारखे जमते, रिंगा पिस्टनच्या खाचेत अडकतात. शर्यतीचे एरंडेल त्यासाठी प्रक्रिया केलेले असते, आणि तेही शर्यत झाली की गरम असतानाच काढायचे. साध्या खनिज तेलात ते कधीही मिसळू नका. गुठळ्या होतात आणि तेलाच्या नळ्या बंद पडतात. बदल करायचाच असेल तर इंजिनाखालची तेलाची टाकी (संप) उघडून सगळे धुवा. रस्त्यावरच्या जुन्या गाडीला साधे एसएई ४० किंवा ५० चे तेल पुष्कळ.

मे महिन्यात गाडी उकळते. काय करावे?

आधी हे समजून घ्या: जुन्या रेडिएटरला दाबाचे झाकण नसते, आणि संभाजीनगरच्या सुमारे ५७० मीटर उंचीवर पाणी ९८ अंशांलाच उकळते. वर ४२ अंशांची हवा. फारशी मोकळीक राहत नाही.

सर्वांत मोठा शत्रू बोअरचे पाणी. आपल्या काळ्या खडकातले पाणी जड असते; दोन उन्हाळ्यांत नळ्यांत क्षार बसतो. पितळी रेडिएटरमध्ये लिटरमागे ५० ग्रॅम सायट्रिक ॲसिड घालून कोमट पाणी अर्धा-पाऊण तास फिरवा, मग साध्या पाण्याने स्वच्छ होईपर्यंत धुवा. ॲल्युमिनियमचे हेड असेल तर हा उपाय नको. नंतर डिस्टिल्ड पाणी आणि गंजरोधक कूलंट.

पंप नसलेल्या, म्हणजे गरम पाणी आपोआप वर जाणाऱ्या गाडीत पाण्याची पातळी वरच्या पाइपच्या तोंडापेक्षा खाली गेली की फिरणेच थांबते. दर वेळी तपासा. इग्निशन उशिरा पडत असेल तरीही इंजिन तापते. लोक रेडिएटर दोनदा उघडतात आणि ठिणगी देणारा मॅग्नेटो बघतच नाहीत. चढावर गाडी बंद पडून थंड झाल्यावरच सुरू होत असेल तर ते बहुधा पेट्रोलची वाफ होणे. नळी एक्झॉस्टपासून दूर घ्या, तोवर गाडीतल्या पेट्रोलच्या पंपावर ओले फडके.

दौलताबाद ते वेरूळ या रस्त्याच्या चढ-उतारावर उतरताना ब्रेक नव्हे, गिअर वापरा. तार किंवा सळईने ओढले जाणारे ब्रेक तापले की पेडल खाली जात नाही, फक्त गाडी थांबत नाही.

सिंक्रोमेश नसलेला गिअर कसा बदलायचा?

सिंक्रोमेश म्हणजे गिअरचे वेग आपोआप जुळवणारी योजना; ती नसली की हे काम पायाने करायचे. वर चढवताना: क्लच दाबा, न्यूट्रल, क्लच सोडा, इंजिनाचा वेग उतरू द्या, पुन्हा क्लच, वरचा गिअर. खाली आणताना: क्लच, न्यूट्रल, क्लच सोडून ॲक्सिलरेटरला एक ठोसा, पुन्हा क्लच, खालचा गिअर. दात घासले तर जोर लावू नका, न्यूट्रलला परत या. आणि बसल्या बसल्या पायाखाली बघा: त्या काळच्या पुष्कळ गाड्यांत ॲक्सिलरेटर मधोमध आणि ब्रेक उजवीकडे असतो. घाबरलेल्या क्षणी पाय सवयीने चुकतो. आधी मोकळ्या मैदानात सराव करा.

इंजिन सुरू करायला हँडल मारताना इग्निशन पूर्ण मागे (ठिणगी उशिरा), अंगठा बोटांच्याच बाजूला, आणि झटका खालून वर ओढायचा. वरून खाली दाबला आणि इंजिनाने उलट लाथ मारली की मनगट मोडते.

नोंदणी कशी होते?

२०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार फॉर्म २० भरून, विमा आणि जुने आरसी जोडून. आयात गाडीला बिल ऑफ एंट्री, म्हणजे सीमाशुल्काचा कागद. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांनी पुनर्नोंदणीला ५,०००. नंबरात एमएच नंतर व्हीए, मग दोन अक्षरे आणि चार आकडे, त्यामुळे एमएच-२० किंवा एमएच-२६ ची ओळख जाते. आधी नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. एकदा व्हिंटेज म्हणून नोंदली की रोजच्या वापराला किंवा भाड्याला चालवता येत नाही. रॅली, प्रदर्शन, संशोधन, इंधन भरणे आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच. लग्नाच्या वरातीला भाड्याने देणारे इथेच अडकतात.

भारतात अशा शर्यती होत होत्या का, आणि जुन्या गाड्या जवळ कुठे बघता येतील?

मद्रासजवळ शोलावरमच्या महायुद्धातल्या धावपट्टीवर अनेक वर्षे शर्यती झाल्या, मुंबईत जुहूच्या धावपट्टीवरही. तिथे फियाट ११०० सारख्या घरगुती गाड्याही पळत. मराठवाड्यातून जवळचे म्हणजे हैदराबाद, चौमहल्ला राजवाडा: निजामाची १९१२ ची रोल्स-रॉइस तिथे आहे. रेसिंग गाडी नव्हे, पण त्या काळचे पत्र्याचे आणि पितळेचे काम जवळून बघायचे असेल तर नांदेडहून रात्रीच्या गाडीने जाऊन दुसऱ्या दिवशी परत येता येते. शुक्रवारी राजवाडा बंद असतो.